आधी पाणी, मग विचारपूस

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर शाळेत आपण सगळ्यांनीच कधी ना कधी भाषण केलं आहे. १४ एप्रिल १८९१, महूची लष्करी छावणी, सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचं चौदावं अपत्य, मग पदव्यांची यादी, मग राज्यघटना, आणि एवढं बोलून दोन शब्द संपवायचे. सनावळ्या अजूनही अनेकांना पाठ असतील. आमच्या बाईंनी त्या करून घेतल्याच तशा होत्या.

स्मरणिकेसाठी थोर व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी तीच पाठ असलेली यादी बाजूला ठेवली आणि त्यांच्या आयुष्याकडे एका साध्या बाजूने पाहिलं. अनोळखी माणूस समोर आला की लोक त्याच्याशी कसे वागतात? त्याला बसायला सांगतात का, पाणी विचारतात का, अहो म्हणतात की अरे? आपल्याकडे याला रीतभात म्हणतात आणि ती घरातल्या मोठ्यांनी शिकवायची गोष्ट मानतात. पण बाबासाहेबांच्या आयुष्यातले कितीतरी मोठे प्रसंग मुळात एवढेच छोटे आहेत. एक रेल्वे स्टेशन, एक बैलगाडी, एक पाण्याचा माठ, एक टांगा. त्यांनी १९३५च्या आसपास अशा काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या १९९० साली पुस्तिका म्हणून निघाल्या. पुस्तिका जेमतेम काही पानांची आहे, एका बैठकीत वाचून होते.

पहिला प्रसंग १९०१चा. आई १८९६ सालीच गेली होती. मुलं साताऱ्याला आत्याजवळ राहत होती आणि वडील खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावरच्या तलावाच्या ठिकाणी, रोखपाल होते. (त्या गावाचं नाव आठवणींत कोरेगाव असं येतं, पण ते साताऱ्याकडचं, आपलं नव्हे.) उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना वडिलांनी बोलावलं. भीमराव नऊ-दहा वर्षांचे, बरोबर थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची मुलं. नवे कोट, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं असा सगळा थाट करून ही पोरं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. संध्याकाळचे पाच वाजले होते. वडिलांचा माणूस न्यायला यायचा होता, पण पत्र वेळेवर वडिलांच्या हाती पडलंच नाही, त्यामुळे कोणी आलं नाही.

तासभर झाला तरी मुलं तिथेच. स्टेशन मास्तर जवळ आले, चौकशी केली, कुठे जायचं, कोणाची मुलं, असं आपुलकीने विचारलं. कपडे पाहून त्यांना ही ब्राह्मणाची मुलं वाटली होती. भीमरावांनी सरळ सांगितलं की आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते काही न बोलता आपल्या खोलीत निघून गेले. स्टेशनवर बैलगाड्या पुष्कळ होत्या. पण बातमी गाडीवानांत पसरली आणि कोणीही दुप्पट भाडं घेऊनसुद्धा न्यायला तयार होईना.

इथे मला स्टेशन मास्तरांबद्दल थोडं थांबून बोलावंसं वाटतं. पुढे मार्ग त्यांनीच काढला. मुलांना गाडी हाकता येईल का असं विचारून त्यांनी एका गाडीवानाला राजी केलं : भाडं दुप्पट, मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचं. म्हणजे माणूस दुष्ट नव्हता. चौकशी केली तीही मनापासून, आणि मदतही केली. पण विचारपूस आणि मदत यांच्या मधली ती मिनिटं, जी ते खोलीत बसून होते, ती त्या मुलाच्या मनातून कधीच गेली नाहीत.

रात्रभराचा रस्ता. डब्यात खायला भरपूर होतं, पण प्यायला पाणी नाही, म्हणून कोणी जेवलं नाही. जे पाणी सापडलं त्यात जनावरांची घाण होती. अंधार पडला, रस्त्यावर माणूस दिसेना, तसा विटाळाच्या भीतीने चालत असलेला गाडीवान हळूच गाडीत येऊन बसला. (पाहणारं कोणी नसलं की विटाळही नसतो, हे त्या नऊ वर्षांच्या मुलाला त्या रात्री कळलं असणार.) वाटेत जकात नाक्यावर गाडीवानाने सल्ला दिला की मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागा. भीमरावांनी उर्दूत मागितलं. नाकेदाराने पाणी दिलं नाही, डोंगरावर जा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलं उपाशी वडिलांच्या दारात पोचली.

आपल्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी देतात आणि मग गाव विचारतात. उन्हातून आलेल्याला पाण्याचा तांब्या पुढे करणं याला काही शिक्षण लागत नाही, ते आपल्या आजीलाही येत होतं. मी ज्या व्यवसायात आहे तिथे उलटा नियम असतो. आधी ओळख पटवा, परवानगी तपासा, मग आत घ्या. यंत्रासाठी तो नियम बरोबरच आहे, आम्ही तो चोख पाळतो. पण मसूरच्या स्टेशनवर आणि जकात नाक्यावर माणसांनी तोच नियम तहानेला लावला होता.

साताऱ्याच्या शाळेतही तेच. बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते रोज घरी न्यायचं. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. शिपाई रजेवर असला तर दिवसभर तहान. तिथेच आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण मास्तर होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या डब्यातली भाकरी-भाजी या मुलाच्या हातावर टाकत, स्पर्श न करता, पण रोज. आंबडवेकर हे अवघड आडनाव काढून आपलं आंबेडकर हे नाव त्यांनीच दप्तरात घातलं असं सांगतात. हातावर वरून टाकलेली भाकरी आज आपल्याला अपमानाची वाटेल, पण बाबासाहेबांनी त्यांची आठवण आयुष्यभर प्रेमाने ठेवली. गोलमेज परिषदेच्या वेळी या मास्तरांचं आलेलं पत्र त्यांनी जपून ठेवलं होतं. शिक्षकांनो, तुमच्या हातून सुटलेल्या अशा किती भाकऱ्या आमच्या हिशोबात असतील हे तुम्हालाही ठाऊक नसेल.

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावरचा प्रसंग वर्गमित्रांचा आहे. मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. एकदा मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं तेव्हा सगळी मुलं आपापले डबे उचलायला धावली. गणित बरोबर सुटलं. डबे उचलणाऱ्या मुलांतलं एकही नाव आज कोणाला माहीत नाही.

त्याच मुंबईत एका अनोळखी माणसाने मात्र आधी विचारपूस केली आणि नंतर तोंड फिरवलं नाही. भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. छत्रपती शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिणारे केळुसकर ते हेच. रोज एकटा वाचत बसणाऱ्या मुलाशी ते आपणहून बोलले, काय वाचतो हे विचारलं, पुस्तकं सुचवली. मॅट्रिक झाल्यावर भीमरावांचा सत्कार झाला, त्या वेळी केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बागेतल्या बाकावरच्या एका संवादाने किती काय घडलं पाहा. ते बुद्धचरित्र १९५६ सालापर्यंत पोचतं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

१९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या शिक्षणाबद्दल आपण शाळेत बोलायचो, पण तिथे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीने बसता-उठता, खाता-पिता आलं, हे त्या पदव्यांइतकंच महत्त्वाचं होतं. नवल भथेना या पारशी मित्राशी तिथे झालेली मैत्री शेवटपर्यंत टिकली. नंतर लंडन. आणि मग सप्टेंबर १९१७, बडोदा.

शिष्यवृत्तीच्या करारामुळे बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. राहायला जागा कोणी देईना, म्हणून ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. रोजचं दीड रुपया भाडं. त्या मोठ्या रिकाम्या इमारतीत दिव्याच्या अपुऱ्या उजेडात वाचत बसायचं आणि कोणाशी बोलायचं नाही, असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन खोलीसमोर उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन ओळखीचे होते. दोघांनीही जागा देणं टाळलं. दोघेही शिकलेले, दोघांनीही बहुधा फार सभ्य शब्दांत टाळलं असेल. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेला हा माणूस दिवसभर कमाठी बागेत बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. या प्रसंगातून त्यांना आणखी एक गोष्ट कळली : हिंदूंना जो अस्पृश्य तो पारशांनाही अस्पृश्यच. पुढे सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर शिक्षकांच्या खोलीतल्या माठातून पाणी घेण्यावरही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात विद्यार्थी मन लावून ऐकत आणि खोलीत माठ झाकला जाई.

याच काळात शाहू महाराजांशी भेट झाली. शाहू महाराजांची एक गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, पण त्यांच्या हातचा चहा कोणी घेईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून, चारचौघांत तो चहा घेत आणि बरोबरच्यांनाही पाजत. मार्च १९२०च्या माणगाव परिषदेत याच महाराजांनी बाबासाहेबांना जाहीरपणे आपल्या लोकांचा पुढारी म्हणून मान दिला. चारचौघांत दिलेला मान आणि एकांतात दाखवलेली आपुलकी यांत फरक असतो. मसूरच्या गाडीवानाची कथा उलटी करून पाहिली की तो कळतो.

आता आपल्या गावाकडे येते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आपल्याकडे आले. भीमा ओलांडली की पलीकडे पेरण्याच्या हद्दीत जो स्तंभ आहे, तिथे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे आणि मंडळींनी सभा भरवली होती. आपण नदीच्या या बाजूला राहून जन्मभर तो स्तंभ पाहिला. पण त्यावरची नावं किती जणांनी वाचली? १८१८च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावं आहेत आणि त्यांतली २२ महार शिपायांची. नावापुढचं नाक हे पद पाहिलं की ती ओळखू येतात. लढाई कोणाची, कोणासाठी, यावर आपल्यात वेगवेगळी मतं आहेत आणि राहतील. मला इथे रीतभातीची बाब दिसते. ज्यांना गावात हाक मारताना नावही घेतलं जात नसे, नुसत्या जातीने किंवा एकेरीत बोलावलं जाई, त्यांची पूर्ण नावं इतरांच्या बरोबरीने दगडावर कोरली गेली. त्या नावांपुढे उभं राहिल्यानंतर अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायले.

हाक मारणं आणि नमस्कार करणं या क्षुल्लक गोष्टी वाटतात. पण मराठी मुलखात त्यावर सरकारी हुकूम निघाले आहेत. १७७९ साली मुंबईत सोनारांनी नमस्कार हा शब्द वापरू नये असा ठराव कंपनी सरकारने पेशव्यांच्या आग्रहावरून केला होता. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात त्याचा दाखला दिला आहे. महारांनी वरच्यांना जोहार घालायचा, तोही लांबून. हे वाचलं की जयभीम या दोन शब्दांचं वजन कळतं. १९३५च्या सुमारास कामठीचे बाबू हरदास यांनी तो अभिवादन म्हणून रूढ केला असं मानतात. त्यात कोण वरचा, कोण खालचा नाही. पहिल्याने म्हटलं तेच दुसऱ्याने म्हणायचं.

चाळीसगावचा प्रसंग २३ ऑक्टोबर १९२९चा. बाबासाहेब तोवर बॅरिस्टर झाले होते, सरकारी समितीचे सदस्य होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला एका बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला उतरले. महारवाड्यातले लोक घ्यायला स्टेशनवर आलेले, पण तासभर निघायचं नाव नाही. शेवटी एक टांगा आला. टांगा सुरू होताच मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर चाक अडकलं आणि बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. घोडा टांग्यासकट नदीत गेला. पाय मोडला, किती दिवस अंथरुणावर काढावे लागले. नंतर कळलं की एकही टांगेवाला महारवाड्याचं भाडं घ्यायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने चालत यावं हे लोकांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि कधीही टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला लगाम दिला.

मला त्यांच्या सगळ्या आठवणींत हा प्रसंग सर्वांत जास्त चटका लावतो. इथे यजमान चुकले ते पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात. बाबासाहेबांनी ते स्पष्ट लिहिलं आहे, की मानापेक्षा जीव मोठा हे त्या भल्या लोकांच्या लक्षात आलं नाही. पण रोख त्यांच्यावर नाही. बॅरिस्टरला आपल्या टांग्यात बसवण्यात ज्याला कमीपणा वाटला, त्याच्यावर आहे.

बाबासाहेब स्वतः गोडबोले होते असं मात्र कोणी समजू नये. वाचन चालू असताना कोणी आलेलं त्यांना खपत नसे, रागही कडक होता. ऑगस्ट १९३१मध्ये गांधीजींची पहिली भेट झाली तेव्हा गांधीजी काही वेळ इतरांशीच बोलत राहिले. बाबासाहेबांना तो उपेक्षेचा प्रकार वाटला आणि मग त्यांनी जे सांगायचं ते तोंडावर, आडपडदा न ठेवता सांगितलं. गंमत म्हणजे गांधीजींचा तोवर असा समज होता की हे कोणी अस्पृश्यांची कळकळ असलेले ब्राह्मण गृहस्थ असावेत. आपल्याकडे नम्रपणा म्हणजे खाली मान घालून हो म्हणणं असा अर्थ लावतात, विशेषतः मुलींच्या बाबतीत. तो अर्थ बाबासाहेबांना लागू पडत नाही. त्यांची सभ्यता वेगळ्या ठिकाणी दिसते.

ती २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिसली. मसुदा समितीच्या बैठका १४१ दिवस चालल्या होत्या, प्रकृती ढासळलेली होती आणि सगळं सभागृह त्यांचं कौतुक करत होतं. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी श्रेय वाटून टाकलं. पहिला कच्चा मसुदा करणारे बी. एन. राव, कलमांची भाषा घडवणारे एस. एन. मुखर्जी, मध्यरात्र उलटेपर्यंत राबणारे कार्यालयातले कर्मचारी, या सगळ्यांचे नाव घेऊन किंवा उल्लेख करून आभार मानले. मग ज्यांनी प्रत्येक कलमावर भांडण मांडलं, त्यांचीही नावं घेतली. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, पंडित कुंझरू आणि आणखी काही. त्यांनी वाद घातला नसता तर कामकाज बेचव झालं असतं, अशा अर्थाचं ते बोलले. कार्यालयात प्रकल्प संपल्यावर आभाराचे मेल मीही बरेच वाचले आहेत. त्यांत विरोध करणाऱ्याचं नाव मी अजून पाहिलेलं नाही.

त्या घटनेतलं पंधरावं कलम जरूर काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते वापरायला मनाई करता येणार नाही. कायद्याच्या पुस्तकात विहिरी आणि घाट असे एकेक मोजून का लिहिले, असा प्रश्न शाळेत पडला होता. आता पडत नाही. उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता आहे, तिच्यासाठी बाबासाहेब आग्रही होते. पहिल्या दोन गोष्टी न्यायालयात मागता येतात. बंधुता मसूरच्या स्टेशनवर किंवा आपल्या एसटी स्टँडवरच मिळते किंवा मिळत नाही.

२०१८नंतर बाहेरगावी मी गावाचं नाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो. तुमच्यापैकी अनेकांनीही ते अनुभवलं असेल. मग तो सावधपणे पुढचा प्रश्न विचारतो आणि तो बहुतेक वेळा आडनावाचा असतो. मी हल्ली तिथेच त्याला चहा विचारते. १ जानेवारीला नगर रस्ता वळवलेला असतो आणि आपल्या घरांवरून लाखो अनोळखी माणसं चालत जातात. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे बाराही महिने दुसऱ्या राज्यांतली मुलं खोल्या शोधत फिरतात. त्यांना खोली देताना काय काय विचारलं जातं, हे आपल्या वर्गातल्या घरमालकांनी एकदा आठवून पाहावं.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या घरी, झोपेतच त्यांचं निधन झालं. विमानाने पार्थिव मुंबईला आणलं आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेली माणसं शिवाजी पार्कवर रात्र काढतात. तिथे ठिकठिकाणी पाण्याची आणि जेवणाची सोय केलेली असते. रांगेत उभं राहणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही.